गादीतला कापूस

गादी सायकलच्या कॅरियरवर बांधायची तर आधी ती गुंडाळावी लागते, आणि जुनी गादी काही केल्या धड गुंडाळली जात नाही. जिथे माणूस पडून राहिलेलं असतं तिथला कापूस दबून फळीसारखा होतो आणि कडेला त्याचे गोळे जमतात. गाठीवाल्याने गादीवर गुडघा रोवला, दोरी आवळली, दम खाल्ला, पुन्हा आवळली. बाहेर चांगलं उजाडलं होतं. लेक गिरणीत पुढे निघून गेली होती, त्यामुळे हे काय चाललंय असं विचारणारं घरात कोणी नव्हतं.

गाठीवाला हे त्याचं नाव नव्हे, काम. सूतगिरणीत रुईच्या गाठी येतात, त्यांच्या लोखंडी पट्ट्या तोडायच्या, गाठी ओळीने मांडायच्या आणि प्रत्येकीतला थर थर काढून त्यांचं मिश्रण लावायचं. सुताची सुरुवात तिथून होते. हे काम त्याने इतकी वर्षं केलं होतं की कोणी खरं नाव घेऊन हाक मारली असती, तर तो मागे वळून बघत बसला असता की कोणाला बोलावतायत.

गादी बायकोची होती. तिचं अर्धं अंग गेलं आणि ती जी आडवी झाली ती उठलीच नाही. एकाच कुशीवर पडून राहिलं की अंगाला जखमा होतात, म्हणून थोड्या थोड्या वेळाने तिला वळवावं लागे. बापलेकींनी त्यासाठी उलटसुलट पाळ्या मागून घेतल्या होत्या; एक घरात शिरला की दुसऱ्याने डबा उचलून निघायचं. दोघं एकमेकांना दारातच भेटत. दोन वर्षं दोघांपैकी कोणीही सलग झोपलं नव्हतं. बायको बिचारी हाकसुद्धा चोरासारखी मारायची. "अहो... ऐकलंत का... जरा कुशीवर वळवता?" आणि वळवलं की म्हणायची, "झोपा आता तुम्ही."

ती गेली तेव्हा गाठीवाला रडला, मनापासून रडला. पण त्या रडण्याच्या तळाशी एक गोष्ट होती, ती त्याने स्वतःपासूनही लपवली. आता झोपायला मिळेल, ही ती गोष्ट.

मिळालं मात्र नाही. त्याने पाठ टेकली, डोळा लागला, की हाक यायची. "अहो..." दिवस असो, रात्र असो. तो सवयीने उठायचा, खाटेपाशी जायचा, वाकून हात पुढे करायचा आणि मग त्याला कळायचं की खाटेवर नुसती गादी आहे. पहिल्यांदा तो घाबरून तसाच उभा राहिला. हाक थांबेना. शेवटी काय मनात आलं कोण जाणे, त्याने गादीच उलटी केली. तेव्हा कुठे शांत झालं. मग रोज तेच. भीती माणूस किती दिवस बाळगणार? तीही दमते. उरतो तो शीण. झोपेतून उठायचं, गादी उलटायची, पडायचं, पुन्हा उठायचं.

लेकीला त्याने यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं. तिचं आता कुठे मार्गाला लागत होतं. दुसऱ्या गावातल्या मावशीने तिच्यासाठी शिवणकामाच्या दुकानात जागा पाहून ठेवली होती. तिथे खिडक्या होत्या, हे लेक पुन्हा पुन्हा सांगायची. गिरणीत ती होती त्या, सूत कातायच्या साच्यांच्या खात्याला खिडकी नसते. कोरड्या हवेने धागा तुटतो म्हणून सगळं बंद, आणि वरून पाण्याचे बारीक फवारे. महिना संपला की ती जाणार होती. तिने या गिरणीतून आणि या घरातून एकदाचं सुटावं, एवढीच आता गाठीवाल्याची इच्छा होती. ती नांदायला जावो, शिवायला जावो, काहीही करो, पण इथे पोळून निघायला नको.

आणि तिच्या कानावर ती हाक पडायला नको. म्हणून गादी घरातून काढायची होती.

गादी पिंजणाऱ्याने हात वर केले. "काका, आजाऱ्याची गादी मी घेत नाही. जाळून टाका." जाळायला गाठीवाल्याचा हात धजेना. मग त्याला सुचलं. हा कापूस मूळचा गिरणीतलाच. मशीनमधून पडलेला चांगला मऊ कापूस वाया घालवत नाहीत, तो परत मिश्रणात टाकतात. हे तर त्याचं रोजचंच काम. एवढ्या गाठींमध्ये एका गादीचं काय कळणार आहे? बाहेरचा कापूस आत आणायला सक्त मनाई होती, पण गेटवरचा रखवालदार त्याला लहानपणापासून ओळखत होता.

"काका, गादी घेऊन झोपायला आलात की काय?" रखवालदार म्हणाला.

"हो, तुझ्याकडूनच शिकलो," गाठीवाला म्हणाला, आणि सायकल आत घेतली.

मिश्रणाच्या खोलीत तो एकटाच असे. त्याने गाठी मांडल्या, पट्ट्या तोडल्या. दाबलेली रुई सुटली की फुगते, हळूहळू श्वास घेतल्यासारखी वर येते. ते बघायला त्याला इतक्या वर्षांनंतरही आवडायचं. मग त्याने गादीची शिवण उसवली. औषधाचा, तेलाचा, तिच्या अंगाचा वास आला. एक थर गाठीतला, एक मूठ गादीतली. एक थर, एक मूठ. हाताला सवय होती, हात चालत राहिले. गादीची खोळ रिकामी झाली तेव्हा त्याने ती घडी करून डब्याच्या पिशवीत ठेवली आणि मिश्रण मशीनच्या सरकत्या पट्ट्यावर सोडलं.

आता पट्ट्याच्या पुढे पहिलं मशीन कुठलं असतं, हे गाठीवाल्याला माहीत नव्हतं असं थोडंच आहे? झोपेत विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं. पण थकलेल्या माणसाची बुद्धी अशी असते की जे डोळ्यांसमोर आहे तेच नेमकं दिसत नाही. कापसाचं सगळ्यात आधी काय करतात? धोपटतात. लोखंडी दांड्यांचा रूळ गरगर फिरत असतो, तो रुई झोडपून काढतो, म्हणजे त्यातली माती आणि सरकीची टरफलं खाली पडतात.

पट्टा पुढे सरकला. दांडे बसायला लागले. आणि त्या धडधडाटात, अगदी खालच्या पट्टीत, त्याला ऐकू आलं...

"आई गं..."

ज्या अंगाला त्याने दोन वर्षं तळहाताहून कठीण काही लागू दिलं नव्हतं, ते त्याने आपल्या हाताने दांड्यांखाली घातलं होतं. तो धावला, बटण दाबलं, मशीन थांबलं. पण पट्टा रिकामा होता. सगळं नळातून ओढलं जाऊन पुढे गेलं होतं.

"काय झालं काका?" पलीकडून मुकादम ओरडला.

"काही नाही," गाठीवाला म्हणाला. त्याने पुन्हा बटण दाबलं, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

त्या दिवशी घरी येऊन तो आडवा झाला आणि थेट दुसऱ्या दिवशी उठला. लेक हसत म्हणाली, "बाबा, किती दिवसांनी घोरलात! मी दोनदा येऊन बघून गेले." त्याला लाज वाटली आणि बरंही वाटलं. कोणी हाक मारली नव्हती. घर गप्प होतं.

कार्डिंगमध्ये रुई पिंजून तिचा बोटभर जाडीचा मऊ दोर निघतो, त्याला पेळू म्हणतात. तिथल्या मशीनवर एक वयस्क बाई होती, तिला सगळे पेळूवाली म्हणत. दुपारी ती त्याला शोधत आली.

"काका, या खेपेला काय मिश्रण लावलंत? माल कसा लोण्यासारखा चाललाय. तुटतच नाही."

तो बघायला गेला. मशीनच्या तोंडातून कापसाचा पातळ पडदा उतरत होता, पलीकडचं दिसेल इतका पातळ. तो गोळा होऊन पेळू बनायचा आणि डब्यात वेटोळी घालत उतरायचा. गाठीवाल्याने त्याला बोट लावलं. पडदा कोमट होता. कार्डिंगचं मशीन तापतं, त्यात काय विशेष. पण पडदा त्याच्या बोटाकडे थोडासा झुकला, तिची मान झुकायची तसा.

"बरा आहे माल," असं म्हणून त्याने हात काढून घेतला.

पुढे ड्रॉइंगमध्ये गेल्यावर तर काही उरणारच नाही, अशी त्याने मनाची समजूत घातली. तिथे बरेच पेळू एकत्र ओढून त्यांचा एक करतात, मग तसे बरेच पुन्हा एकत्र ओढून त्यांचा पुन्हा एक. सगळा माल सारखा व्हावा, कुठे जाड, कुठे बारीक राहू नये, म्हणून. एकदा तिथून गेलं की कुठला कापूस कुठल्या गाठीचा हे कोणी सांगू शकत नाही. गाठीवाल्याला यात समाधान वाटत होतं. त्याचा अर्थ त्याच्या लक्षात यायला काही दिवस जावे लागले.

साच्यांचं खातं म्हणजे लेकीचं खातं. पेळूची आधी वात होते, वात साच्यावर चढते, तिथे ती ओढली जाते, पिळली जाते आणि सूत होऊन गरगर फिरणाऱ्या चातीवरच्या बॉबिनीवर गुंडाळली जाते. एकेका साच्यावर चात्यांची ही लांबलचक रांग. धागा तुटला की धावत जाऊन सांधायचा, हे लेकीचं काम. भरलेल्या बॉबिनी काढून क्रेटमध्ये टाकायच्या, त्या पुढच्या खात्यात जातात.

नवा माल साच्यांवर चढला आणि लेक उशिरा घरी येऊ लागली. आधी थोडा उशीर, मग जास्त. सकाळची पाळी संपली तरी ती दुपारच्या पाळीत थांबायची. जेवताना तिचा घास हातातच राहायचा. डोळ्यांखाली काळं आलं. गाठीवाल्याने ती काळी वर्तुळं ओळखली. दोन वर्षं त्याने ती आरशात पाहिली होती.

"अगं, मावशीकडे जायची तयारी कधी करणार?"

"बघू."

"बघू काय? दोन दिवसांवर आलं."

"बाबा, आत्ता नाही जाता येणार मला," ती म्हणाली, आणि ताट घेऊन उठली.

दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्याचा भोंगा झाला तसा तो साच्यांच्या खात्यात गेला. दमट, गरम हवा, तेलाचा वास, आणि असा आवाज की दोन माणसांना कानाला तोंड लावून बोलावं लागतं. पुढच्या पाळीच्या बाया साच्यांवर उभ्या राहिल्या होत्या. त्यांना काम नव्हतं, धागा कुठेच तुटत नव्हता. हाताची घडी घालून त्या नुसत्या बघत होत्या. लेक भिंतीकडे, भरलेल्या क्रेटच्या रांगेपाशी उकिडवी बसली होती. ती एक बॉबिन उचलायची, अलगद वळवून दुसऱ्या अंगावर ठेवायची. मग दुसरी. मग तिच्या शेजारची. एक क्रेट झाला की पुढचा. रांग पार दरवाज्यापर्यंत होती, आणि मागून नवे क्रेट येतच होते.

तो तिच्याजवळ बसला. "काय करतेयस हे?"

तिने वर पाहिलंही नाही. "आई हाक मारते."

त्याने कान तिच्या तोंडाशी नेला.

"मला वाटलं, मला भास होतोय," ती त्याच्या कानाशी म्हणाली. "पण वळवलं की गप्प होते. मग पलीकडची हाक मारते... बाबा, खूप आहेत हो. एकीला वळवलं की दुसरी... मी घरी आले तरी माझा जीव इथेच. ह्या सगळ्या तशाच पडून राहतील. अंगाला जखमा होतील."

तेवढ्यात वीज गेली.

गिरणीतली वीज गेली की आवाज एकदम जात नाही. चात्या फिरत राहतात, मंद होत जातात, गुणगुण खाली खाली उतरते. मग सगळं थांबतं आणि कानात पोकळी होते. वर एका काचेच्या पत्र्यातून उन्हाचा तुकडा आला होता, त्यात कापसाची तुसं तरंगत होती. बाया जागच्या जागी उभ्या होत्या.

आणि क्रेटमधून आवाज आला. एक नाही. एकाच वेळी शेकडो, पण प्रत्येक इतका बारीक, की सगळे मिळूनही कुजबुजीएवढेच.

"अहो... ऐकलंत का..."

घरी होती तेव्हा ती एक होती. तिला वळवायचं, ती म्हणायची झोपा आता. त्याने तिला धोपटलं, पिंजलं, पुन्हा पुन्हा ओढून सगळीकडे सारखं पसरलं. आता ती प्रत्येक बॉबिनीत होती, थोडी थोडी, कुठे कमी नाही, कुठे जास्त नाही. आणि प्रत्येक बॉबिनीत ती पडून होती.

त्याने लेकीला सांगितलं. सगळं सांगितलं, खोळ उसवण्यापासून. ती ऐकत राहिली. मग तिने त्याच्याकडे असं पाहिलं, की त्यापेक्षा दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुम्ही आईला मशिनीत घातलंत?"

"मला झोप हवी होती गं," गाठीवाला म्हणाला. दुसरं काही सुचलंच नाही त्याला, आणि खरंही तेवढंच होतं.

ती रडायला लागली. रडता रडता तिचा हात क्रेटमध्ये गेला आणि एक बॉबिन वळवून आला. ते बघून गाठीवाल्याचा धीर सुटला. तो क्रेटवर वाकला आणि बाया ऐकतायत याची पर्वा न करता बोलायला लागला. आयुष्यात बायकोशी तो इतकं कधी बोलला नव्हता.

"ऐक. पोरीला सोड. तिला उद्याच्या गाडीने जायचंय. तिने काय कमी केलं का तुझं? हाक मारायची तर मला मार. मी उठेन. कितीही वेळा मार, मी कंटाळा नाही करणार. पण हिला नको. हिला जाऊ दे..."

कुजबुज थांबली. सगळीकडची एकदम. उन्हातली तुसं तेवढी हलत होती. मग वीज आली, चात्या गुणगुणायला लागल्या आणि बाया एकमेकींकडे न बघता कामाला लागल्या. मुकादम आत येऊन म्हणाला, "काका, असा माल या गिरणीत आजवर निघाला नाही बघा. ट्रक लागलाय, क्रेट हलवा." लेकीने एक बॉबिन हातात घेतली, कानाला लावली, परत ठेवली. "गप्प झाली," ती म्हणाली. तिथेच भिंतीला टेकून तिचे डोळे मिटायला लागले.

त्याने तिला सायकलवर बसवून घरी आणलं. ती आतल्या खोलीत पडली आणि क्षणात झोपली. तिची बॅग भरून दाराशी होती. ती त्याने नीट बंद केली. मग तोही आपल्या खाटेवर आडवा झाला. दुपारचं ऊन खिडकीतून भिंतीवर पडलं होतं. आता हाक येईल, आपण उठायचं, असं त्याने मनाला बजावून ठेवलं होतं. वाट बघता बघता त्याला झोप लागली.

जागा झाला तेव्हा ऊन भिंतीवरून खाली उतरलं होतं. कोणी हाक मारली नव्हती. डाव्या अंगाखाली हात दबून मुंग्या आल्या होत्या, म्हणून त्याने वळायला घेतलं. अंग हललं नाही. त्याने पुन्हा जोर लावला. बोटसुद्धा हललं नाही. डोळे तेवढे फिरत होते. दारातून आतल्या खोलीत झोपलेली लेक दिसत होती, तोंड उघडं टाकून, लहानपणी झोपायची तशी.

हात दुखायला लागला. मग खांदा, मग कंबर. अंगाला रग लागते म्हणजे काय, हे दोन वर्षं तिची सेवा करूनही त्याला माहीत नव्हतं. लेकीला हाक मारावी असं वाटलं. पण ती इतक्या दिवसांनी झोपली होती. थोडं थांबू, मग मारू. अजून थोडं. आणि एकदम त्याच्या ध्यानात आलं, की बायको जेवढ्या वेळा हाक मारायची, त्याच्या कितीतरी पट वेळा ती अशी थांबलेली असणार. डोळ्यांतून पाणी आलं, ते पुसता येईना. त्याने ठरवलं, हाक मारायची नाही. काय वाट्टेल ते होवो, पोरीची गाडी चुकवायची नाही.

तेव्हा मागून त्याच्या खांद्याखाली एक हात आला. दुसरा कमरेखाली. हात हलके होते, कोमट, आणि एवढ्या अंगाचा भार उचलताना किंचित थरथरत होते. त्यांनी त्याला अलगद उचलून वळवलं आणि भिंतीकडे तोंड करून ठेवलं. रग ओसरली. इतकं बरं वाटलं की भीतीच वाटली नाही.

मग त्याच्या पाठीमागे पावलं वाजली. मऊ, सावकाश. ती आतल्या खोलीकडे गेली. गाठीवाल्याला आता फक्त भिंत दिसत होती. ओरडायला त्याने तोंड उघडलं, पण आवाज निघाला तो अगदी बारीक, धाग्यासारखा.

आतल्या खोलीत खाट करकरली. लेक उठून बसली असावी. झोपेतून अर्धवट जागं झालेलं माणूस बोलतं तशी ती शांतपणे बोलत होती.

"हो... झोप तू आता, आई. खूप दमलीस." मग थोडा वेळ ती नुसतं ऐकत होती. "नाही गं, कुठे जातेय मी? बाबांना मी बघते."